राज्य सरकारनंच आरोग्य विम्याचा बाजार मांडला तर? सेलूच्या सेवा केंद्रातून एक प्रश्न

सेतूवाला_सेलू

नमस्कार मंडळी. सेलूत (जि. परभणी) माझं सेवा केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. जुलैत पीकविमा, जूनमध्ये दाखले, बाकी वर्षभर आधार आणि आयुष्मान कार्ड. कार्ड निघालं की माणूस लगेच उठत नाही. खुर्ची पुढं ओढतो आणि हळूच विचारतो, "हे झालं. पण पैसे भरून घ्यायचा दवाखान्याचा विमा कोणता चांगला?" मी काय सांगणार? मला स्वतःला कळत नाही.

माझ्या मेव्हण्याचं सांगतो. जिनिंगवर दिवाणजी आहे, वय ४६, पाच-सहा वर्षांपासून शुगर. ओळखीच्या एजंटनं चहा पिता पिता मोबाईलवर फॉर्म भरला. "शुगर लिहू नका, हप्ता वाढतो," म्हणला. ह्यानं ओटीपी सांगितला, चौदा हजार भरले. दुसऱ्या वर्षी पायाला जखम झाली, ती चिघळली. नऊ दिवस दवाखाना, १ लाख ३८ हजार बिल. कंपनीचं पत्र आलं, आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, पोरगा नको म्हणतोय. वाईट ह्याचं वाटतं की त्याच्याकडं पांढरं रेशनकार्ड होतं. राज्य सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेतल्या दवाखान्यात गेला असता तर बरंचसं तिथंच भागलं असतं. पण रात्रीच्या वेळी जवळचा दवाखाना गाठला, तो योजनेत नव्हता.

आता मुद्दा. आमच्या गल्लीतला एक पोरगा अमेरिकेत आहे, दिवाळीला आला होता. तो म्हणला, तिकडं काही राज्यांत सरकारच विम्याचा बाजार चालवतं. सगळ्या कंपन्यांचे विमे एका जागी, एकाच फॉर्मवर, आणि शुगर असली तरी नाही म्हणता येत नाही. मी तेव्हापासून विचार करायलोय. हे खरं आहे का? असला बाजार उभा कसा करतात? आपल्या राज्याला जमेल का? आणि जमलाच तर माझ्यासारख्या केंद्रवाल्याला त्यात काय काम राहील? राजकारण नको. कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा.

बिंदुसरा_बीड

भाऊ, तुमचा पीकविम्याचा सर्व्हर रात्री दोनला चालतो आणि तुम्ही आरोग्याचं पोर्टल मागताय. धन्य आहे.

थट्टा सोडा. माझा प्रश्न वेगळा आहे. बाजार मांडला आणि दुकानदारच आला नाही तर? आमच्या जिल्ह्यात पीकविम्याचं तेच झालं होतं. निविदा काढल्या तरी कंपनी पुढं येईना, कारण आधीची वर्षं दुष्काळाची, नुसता तोटा. मग २०२० च्या खरिपात ८०:११० काढलं, ज्याला पुढं सगळे बीड पॅटर्न म्हणू लागले. गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर भरपाई गेली तर वरचं राज्य सरकार भरणार. आणि भरपाई कमी झाली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकीचं सरकारला परत करायचं. तेव्हा कुठं कंपनी आली. शुगरवाल्याला नाही म्हणायचं नाही असा नियम केला तर आरोग्याची कंपनी तरी कशाला येईल?

उदगीरची_लेक

दादा, मी मूळची उदगीरची, सतरा वर्षांपासून अमेरिकेतच आहे. २०१२ ते २०१५ मी अशाच एका राज्याच्या बाजाराच्या कामावर होते, एका कंत्राटदाराकडून. राज्याचं आणि कंत्राटदाराचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कौतुक कमी आहे.

माझं काम टेस्टिंग. म्हणजे खोटी कुटुंबं तयार करायची आणि साइटला विचारायचं, ह्यांना काय मिळतं? नवरा ३४, बायको ३१, दोन लेकरं, एक आजी. पगार इतका, तंबाखू खातो, राहतो अमक्या काउंटीत. अशी तीनशेच्या वर कुटुंबं मी पोटच्या पोरांसारखी सांभाळली.

पहिल्याच आठवड्यात मी एक चूक नोंदवली: "अर्जात आजाराचा रकाना गायब आहे." आपल्या डोक्यात विमा म्हटलं की बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन. माझा वरिष्ठ हसत हसत आला आणि म्हणाला, ही चूक नाही, हाच तर कायदा आहे. आजार विचारायचाच नाही. हप्ता ठरवताना फक्त वय, राहायचं ठिकाण, तंबाखू आणि घरातली माणसं किती, एवढंच बघायचं. म्हाताऱ्याचा हप्ता तरुण माणसाच्या तिपटीपेक्षा जास्त नाही, तंबाखूवाल्याचा दीडपटीपेक्षा जास्त नाही. तुमच्या मेव्हण्याचा फॉर्म तिथं एजंटाला खोटा भरताच आला नसता, कारण खोटं लिहायला जागाच नाही.

हा कायदा, लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात तो, मार्च २०१० मध्ये झाला. दुकानं उघडली १ ऑक्टोबर २०१३ ला, विमा लागू १ जानेवारी २०१४ पासून. मधली साडेतीन वर्षं लोकांना वाटतं साइट बांधण्यात गेली. नाही. बराच काळ नियम ठरवण्यात गेला, आणि साइटला जे हवं होतं ते शेवटच्या काही महिन्यांत हातात पडलं.

म्हणून "बाजार कसा उभा करतात" ह्याला माझं उत्तर असं, की साइट सगळ्यात शेवटी. आधी नाही म्हणायची बंदी. मग विम्यांना एका मापात बसवणं, नाहीतर तुलना कशाची करणार? तिथं चार धातूंची नावं दिली. कांस्य म्हणजे सरासरी खर्चातला ६० टक्के भार विमा उचलणार, चांदी ७०, सोनं ८०, प्लॅटिनम ९०. चांदी चांदीशीच ताडून बघायची. मग सरकारची मदत. उत्पन्न कमी असेल तर हप्त्यातला मोठा वाटा सरकार परस्पर कंपनीला भरतं. आणि मग मुदत.

मुदतीचं तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. ३१ जुलैनंतर पीकविमा भरता येतो का? नाही. कारण ऑगस्टमध्ये पाऊस गेला हे बघून सगळेच भरतील. तसंच हे. वर्षातले ठरावीक आठवडेच दार उघडं. लग्न, बाळंतपण, नोकरी जाणं असं काही घडलं तरच अधेमधे आत घेतात. आजार विचारायचा नाही आणि वर्षभर दारही उघडं ठेवायचं, असं केलं तर माणूस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विमा काढेल. मग निरोगी लोक निघून जातात, हप्ता वाढतो, वाढला की आणखी जातात.

बिंदुसरा भाऊ, तुमचा ८०:११० वाचून मी खुर्चीतून उठले. तिथंही ८० चाच आकडा आहे हो! माणसांना, कुटुंबांना थेट आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीनं हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारावर खर्च करायचे, नाहीतर फरक ग्राहकांना परत. आणि वरच्या बाजूचं सुद्धा होतं. पहिली तीन वर्षं, २०१४ ते २०१६, कंपनीला ठरल्यापेक्षा जास्त तोटा झाला तर सरकार भर घालणार. पण संसदेनं पैसाच मंजूर केला नाही. २०१४ च्या तोट्यापोटी रुपयाला साडेबारा पैसे मिळाले, समजा. नव्यानं उभ्या राहिलेल्या छोट्या सहकारी विमा संस्था एकामागून एक बसल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की पैसे द्यावेच लागतील, तोवर बऱ्याच संस्थांच्या दाराला कुलूप लागलेलं.

जेवायची वेळ झाली. साइटा कशा पडल्या ते नंतर लिहिते.

सेतूवाला_सेलू

ताई, आजाराचा रकाना नाही हे वाचून मी मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणला, "मग तिकडं एजंट काय सांगत असतील बरं?"

साइटा पडल्या ते जरूर लिहा. त्यात आम्हाला जास्त गोडी आहे.

माजी_आरोग्यमित्र_नांदेड

मी सहा वर्षं आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेच्या रुग्णांना मदत करणारं माणूस, म्हणून काम केलंय, एका खासगी दवाखान्यातल्या टेबलावर. योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला आमचा नांदेड एकटाच. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी. नोव्हेंबर २०१३ पासून सगळं राज्य, पुढं महात्मा जोतिराव फुले नाव झालं. आधी दीड लाख, आता पाच लाख, आणि २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत.

पण रंग बघायचे तेव्हाचं मला आठवतं. पिवळं आणि केशरी चालायचं. पांढरं कार्ड फक्त शेतकऱ्यांना, तेही आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत. मराठवाड्याचे आठही त्यात होते. कार्डासोबत सातबारा लागायचा. एकदा मुखेडकडचा एक बटईदार आला, वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन. कार्ड पांढरं, शेत मालकाचं, सातबाऱ्यावर ह्यांचं नाव कुठून येणार? आयुष्यभर काळ्या मातीत राबलेला माणूस मला विचारायलाय, "म्हणजे मी शेतकरी नाही का?" मी स्क्रीनकडं बघत बसले.

ताईंच्या लिहिण्यावरून एक गोष्ट मनात आली. आरोग्यमित्र दवाखान्यात बसतो. म्हणजे माणूस आजारी पडून दारात आला की मगच आमची गाठ. तोवर तो कुठल्या दवाखान्यात गेला, हे नशीब. दादांच्या मेव्हण्याचं तेच झालं. आजाराच्या आधी भेटणारं माणूस आपल्या योजनेत नाहीच.

उदगीरची_लेक

नांदेडच्या ताई, तुमचा तो बटईदार माझ्या तीनशे कुटुंबांत असता तर त्याच्या उत्पन्नाचा रकाना मला काही केल्या भरता आला नसता. त्याच्याकडं येतेच मी.

तर साइटा. ज्या राज्यांनी स्वतःचा बाजार मांडला नाही त्यांच्यासाठीची केंद्र सरकारची साइट पहिल्या दिवशी उघडली आणि देशभरातून सहा माणसांचं काम पूर्ण झालं. सहा. कारणं पुष्कळ, त्यातलं एक फार साधं. दर बघायचा असेल तरी आधी खातं उघडा, ओळख पटवा. नुसतं बघायला आलेले लोकही दारातच अडले. उलट केंटकीनं नुसतं फिरून बघायची सोय दिली होती, चित्रंबित्रं कमी, पानं हलकी. ती पहिल्यापासून चालली. ओरेगॉनची तर आधी केवढी तारीफ होती! पण सामान्य माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑनलाइन नोंदणी तिथं कधी करताच आली नाही. शेकडो माणसं लावून कागदावर अर्ज भरून घेतले, आणि पुढच्या वर्षी राज्य केंद्राच्या साइटवर गेलं. मेरीलँडनं स्वतःची मोडीत काढून कनेक्टिकटची उचलली. मॅसॅच्युसेट्सचं तर नवल. सगळ्या देशाच्या आधी, २००६ मध्ये, असा बाजार त्यांनी मांडलेला. त्यांचीही नवी साइट २०१३ मध्ये बसली.

आमच्या राज्यात काय झालं? कागदावर सगळं हिरवं. दर सोमवारच्या अहवालात माझ्या खोट्या कुटुंबांपैकी ऐंशीच्या वर अडकलेली, आणि वर जाणाऱ्या पानावर "काम वेळेत". एक कुटुंब मला अजून पाठ आहे. आजी म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, लेकरं मुलांच्या योजनेत, नवरा-बायको मदतीच्या खासगी विम्यात. एका घरात तीन उत्तरं. साइट दर वेळी आजीला नवरा-बायकोच्या विम्यात घालायची. उघडायच्या आदल्या रात्रीपर्यंत घालत होती.

हे एका घराला तीन उत्तरं देणं, हाच त्या बाजाराचा प्राण आहे. अर्ज एक. गरीब असशील तर सरकारी योजनेत, थोडा वर असशील तर मदतीसह विमा, त्याच्या वर असशील तर स्वतःच्या पैशानं. कुणालाही "ही खिडकी नाही, पलीकडं जा" म्हणायचं नाही.

आणि इथंच आपल्याकडं माझं घोडं अडतं. तिथं उत्पन्न तपासायला साइट थेट टॅक्स खात्याला विचारते. बहुतेकांचं उत्पन्न तिथं नोंदलेलं असतं. तरी हंगामी कामवाल्यांचे हाल झाले. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज सांगायचा, त्यावर मदत मिळायची, वर्षअखेर उत्पन्न जास्त निघालं तर काही पैसे परत करायचे. आता ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं उचल घेतली नोव्हेंबरात, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला मार्चमध्ये, त्यांचं वर्षाचं उत्पन्न कोण आणि कुठं बघून ठरवणार?

सेतूवाला_सेलू

उत्पन्नाचा दाखला कसा निघतो ते मला विचारा ताई. माझ्याच प्रिंटरमधून निघतो. सेलू तालुक्यातली माणसं आकड्यात लई एकसारखी आहेत, एवढंच लिहितो. शिष्यवृत्तीची मर्यादा वाढली की गावाचं उत्पन्न त्याच आठवड्यात वाढतं.

लातूरचा_विमावाला

मी तेवीस वर्षं विमा विकतोय, त्यामुळं शिव्या खायची सवय आहे. सेतूवाले, तुमच्या मेव्हण्याच्या एजंटनं जे केलं ते आमच्या धंद्यात रोज चालतं. बचाव करत नाही.

जमेल का, ह्याचं उत्तर घटनेत आहे. विमा हा केंद्राच्या यादीतला विषय, सातव्या अनुसूचीत पहिल्या यादीची ४७ वी नोंद. दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडं. म्हणजे मुंबईत बसून सरकार दवाखाना बांधू शकतं, लोकांसाठी घाऊक विमा विकत घेऊ शकतं, पण कंपनीला "शुगरवाल्याला नाही म्हणू नको" असा हुकूम देऊ शकत नाही. तो हुकूम आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा. त्यांनी २०२४ मध्ये थोडं सैल केलंय. जुन्या आजाराला थांबायचा काळ जास्तीत जास्त चार वर्षं होता, तो तीन केला. पाच वर्षं सलग हप्ते भरले की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी हा काळ आठ वर्षांचा होता.

एका मापात बसवायचं म्हणता, तर २०२० मध्ये आरोग्य संजीवनी आणली. सगळ्या कंपन्यांच्या अटी सारख्या, फक्त हप्ता वेगळा. ती कुणी विकत नाही, कारण तिच्यात आम्हाला सांगायला काही उरत नाही. हे मी स्वतःबद्दलही बोलतोय. आणि सगळ्या देशाचा एक बाजार, विमा सुगम, त्याचे नियम २०२४ मध्ये आले, साइट २०२५ मध्ये दिसायला लागली. पण तो कंपन्यांचाच मिळून आहे, आणि त्यात नाकारायची बंदी नाही.

राज्याला जमण्याजोगं एकच, राजस्थाननं २०२१ मध्ये केलेलं. गरिबांचा हप्ता सरकारनं भरला आणि बाकीच्यांना सांगितलं, वर्षाला ८५० रुपये द्या आणि त्याच योजनेत या. बाजार नाही तो, पण पैसे भरून सरकारी छत्रीखाली यायची वाट होती. आपण पाच लाख सगळ्यांनाच दिले, त्यामुळं आता कुणाला काय विकणार? उरतो तो योजनेच्या यादीबाहेरचा दवाखाना आणि यादीबाहेरचा उपचार.

मेव्हण्यासाठी: प्रस्ताव अर्जाची प्रत आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग कंपनीकडं लेखी मागा. पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही, वकील नाही. खोटी आशा देत नाही, शुगर खरोखरच होती आणि पाच वर्षं झालेली नाहीत. पण त्या फोनवर आजार विचारलाच नसेल, किंवा आवाज मेव्हण्याचा नसेलच, तर बोलायला जागा आहे.

बिंदुसरा_बीड

म्हणजे राज्याच्या हातात नियम नाही, उत्पन्नाचा भरवसा नाही, कंपनी येईल का माहीत नाही. मग उरलं काय?

उदगीरची_लेक

माणूस उरला ना भाऊ. सेतूवाल्या दादांचा शेवटचा प्रश्न तोच होता, आणि आपण सगळ्यांनी तो सोडून दिला.

तिथं प्रत्येक बाजाराला वाटाडे ठेवावे लागतात. चर्चमध्ये, वाचनालयात, दवाखान्याच्या दारात बसून ते लोकांचे अर्ज भरून देतात. त्यांना एक अट आहे, विमा कंपनीकडून एक पैसा घ्यायचा नाही. पगार बाजार देतो, किंवा अनुदानातून येतो. आमच्या राज्यात साइट आडवी पडली होती तेव्हा लोक टिकून राहिले ते ह्या वाटाड्यांमुळं. मी एकदा त्यांच्या टेबलामागं दिवसभर उभी राहिले. एका बाईनं कांस्य घ्यायचं ठरवलं होतं, स्वस्त म्हणून. वाटाड्यानं फक्त विचारलं, "इन्सुलिन घेता का?" आणि चांदीचं पान उघडून दाखवलं. त्या बाईचं उत्पन्न जेवढं होतं तेवढ्याला चांदीतच सरकार खिशातला खर्चही कमी करून देतं. साइटवर ते लिहिलेलं होतं, पण खाली, बारीक अक्षरात.

दादा, पीकविम्याला तुम्हाला अर्जामागं पैसे कोण देतं?

सेतूवाला_सेलू

कंपनी. अर्जामागं ४० रुपये.

खरं सांगतो ताई, तुम्ही विचारलं आणि मी जरा वेळ गप्प बसलो. एक रुपयाचा पीकविमा होता तेव्हा रोज शंभर-शंभर अर्ज ओढले. शेत आहे का, पीक कोणतं, कोण विचारतंय? मागं रांग आणि अर्जाला चाळीस. उद्या आरोग्य विम्याचं काम माझ्याकडं आलं आणि पैसे कंपनीनंच दिले, तर मी मेव्हण्याच्या एजंटापेक्षा वेगळा कसा वागेन, मला माहीत नाही.

लातूरच्या काकांनी सांगितलेला अर्ज आज दुपारी टाईप केला. मेव्हण्याला बोलावलं होतं. फोन आला होता का, विचारलं, तर म्हणला आला होता, पण तेव्हा तो कापसाच्या गाडीचं वजन करत होता, म्हणून फोन एजंटच्या हातात दिला. "हो हो" तोच म्हणला. रेकॉर्डिंग मागितलंय. पोच घेऊन रजिस्टर पोस्टानं पाठवलं, ईमेल वेगळा.

नांदेडच्या ताई, योजनेत बसणाऱ्या दवाखान्यांची यादी परभणी जिल्ह्याची काढून केंद्राच्या दारावर लावतोय. कोणत्या दवाखान्यात कोणता विभाग योजनेत आहे, हे पण लिहायचंय, कारण नाव यादीत असतं आणि हाडांचं चालतं, हृदयाचं चालत नाही. त्यात मदत कराल का? आणि रात्री आरोग्यमित्र टेबलावर नसतो तेव्हा नातेवाइकानं पहिलं काय करायचं, तेवढं दोन ओळींत लिहून द्या. ते मोठ्या अक्षरात छापतो.

माजी_आरोग्यमित्र_नांदेड

करते की. यादी पाठवा, विभागवार खुणा करून देते. रात्रीचं असं लिहा: भरती करतानाच "योजनेतून" असं तोंडी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या, रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मोबाईलमध्ये कायम ठेवा. आणि त्याच्या खाली १५५३८८ हा योजनेचा नंबर टाका. दोनपेक्षा जास्त ओळी झाल्या, पण अक्षर लहान करू नका.